मागच्या सीटचं बकल आधी वर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी आला की रस्ता सुरक्षा अभियान येतं आणि आपल्या दैनिकाच्या नागपूरच्या पानावर शाळांचे फोटो झळकतात. मैदानात रांगा, उजवा हात पुढे करून घेतलेली शपथ, हातात ‘सीट बेल्ट लावा, जीव वाचवा’ असे फलक, शेवटी चित्रकला स्पर्धेचं बक्षीस वितरण. अभियानाला माझा विरोध नाही. पण त्या रांगेतल्या पहिली-दुसरीच्या पोरांना एखाद्या खऱ्या गाडीत मागे बसवा आणि म्हणा, लाव बेल्ट. घोषणा पाठ असलेलं पोरगंही पट्टा हातात धरून इकडेतिकडे बघत राहतं.

या विषयावर लिहायचा माझा अधिकार एवढाच, की मी मानेवाडा रोडवर गाड्यांचं कुशनकाम करतो. सीट कव्हर, छताचं अस्तर, दारांची पॅडं, मॅटिंग. वडील ट्रकच्या कॅबिनमधल्या रेक्झिनच्या गाद्या शिवायचे, मी कारवर आलो. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांत मागच्या सीटवर वाकून काम करायचं, त्यामुळे नागपूरकर आपल्या मागच्या सीटचं काय करून ठेवतो हे मला ट्रॅफिक पोलिसांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

गाडी शोरूममधून निघाली की आठवड्याच्या आत कव्हरसाठी येते. मागच्या सीटवर बकलं उभी असतात. मालकाचं ठरलेलं वाक्य: “भाऊ, हे बकल बसाले टोचते. खाली दाबून द्या ना.” मी विचारतो, मग बेल्ट कसा लावाल? उत्तरही ठरलेलं: “मागं कोण लावते बेल्ट?”

बकल दाबणं सोपं आहे. गादी मागून उचलायची, बकल फटीत ढकलायचं, वर कव्हर ताणून हुक मारायचे. उलट, बकल वर ठेवायचं तर कव्हरला काज पाडावं लागतं, काजाला कड शिवावी लागते आणि ते नेमकं जागेवर यावं म्हणून दोनदा माप घ्यावं लागतं. काम वाढतं, पैसे वाढतात. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त तयार कव्हरांना तर बऱ्याचदा काजच नसतं. म्हणून शहरातल्या कितीतरी गाड्यांत मागचा पट्टा खांबाला नुसता लोंबतो आणि तो जिथे अडकवायचा ते बकल फोमखाली गाडलेलं असतं. त्याच सीटवर पोरगं बसतं. जानेवारीत त्यानं शपथ घेतलेली असते, पण लावणार कशात?

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले, आणि मागच्यांनी बेल्ट लावलेला नव्हता हे सगळ्या पेपरांत छापून आलं. आपले खासदार नितीन गडकरी केंद्रात रस्ते वाहतूक खात्याचे मंत्री. मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावलाच पाहिजे असं त्यांनी तेव्हा ठणकावून सांगितलं. त्या दिवसांत माझ्या दुकानात उलटी गंगा वाहत होती. लोक गाडी आणायचे आणि म्हणायचे, भाऊ, ते बकल वर काढून द्या. मी कव्हरं उसवून काजं पाडून दिली. दिवाळी येईपर्यंत ते थांबलं आणि पुन्हा “टोचते” सुरू झालं.

ज्यांना आकडा लागतो त्यांच्यासाठी आकडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात बेल्ट न लावल्यामुळे गेलेल्यांची संख्या १६,७१५ आहे. त्यात चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. म्हणजे जवळजवळ निम्मे लोक स्टिअरिंगवर नव्हतेच, ते बाजूला किंवा मागे बसलेले होते.

आजकाल गिऱ्हाईक गाडी घेताना स्टार विचारतं. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे ‘भारत एनकॅप’ ही गाडी मुद्दाम आदळवून सुरक्षेचे स्टार देणारी चाचणी आहे, तिच्यात मुलांच्या सुरक्षिततेचे स्टार वेगळे दिले जातात. चांगली गोष्ट आहे. पण ते स्टार मिळवताना गाडीत जी लहान मुलाएवढी बाहुली ठेवतात, ती चाइल्ड सीटमध्ये नीट बांधलेली असते. पाच स्टारची गाडी घेऊन तिचं बकल माझ्याकडून दाबून घेतलं, तर मुलांसाठीचे ते स्टार शोरूममध्येच राहिले म्हणायचे. (जाता जाता: ज्या गाड्यांच्या सीटच्या कडेतच एअरबॅग असते त्यांना साधं कव्हर घट्ट ताणून बसवलं तर एअरबॅग उघडायला अडथळा होतो. तिथली शिलाई वेगळी, कच्च्या दोऱ्याची लागते. शिवणाऱ्याला हे विचारून घ्या. तो गोंधळला तर गाडी परत न्या.)

आता शाळेबद्दल. आमच्या भागातल्या एका प्राथमिक शाळेच्या मॅडम गाडी घेऊन आल्या होत्या. मी नेहमीसारखं विचारलं, बकल ठेवायचं की दाबायचं? त्या म्हणाल्या, तिन्ही ठेवायची, आणि मधल्याचं काज जरा मोठं करा. असं गिऱ्हाईक आलं की बरं वाटतं. मी चहा मागवला, बोलणं निघालं. त्यांच्या वर्गात नुकतीच रस्ता सुरक्षेची चित्रं काढून झाली होती. मॅडम म्हणाल्या, “सगळ्यांनी कार काढली, कारमध्ये माणसं काढली, बेल्टही काढला. पण तो कुठे? पोटावर आडवा, पँटला लावतात तसा. खांद्यावरून येणारा पट्टा एकाच्याही चित्रात नाही. पाहिलाच नाही हो त्यांनी.”

मग आम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट केली. भंगारातून एका गाडीची मागची अख्खी सीट आणली. ओळखीच्या वेल्डरकडून लोखंडी अँगलची चौकट करून घेतली, दोन्ही बाजूंना खांब उभे केले, खांबांवर बेल्ट बसवले. गादीला मी नवा फोम घातला आणि रेक्झिन चढवलं. पोरांना आवडावं म्हणून पिवळं. यात एक खुबी आहे, ती हा स्टँड करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. पट्टा ज्या चकतीवर गुंडाळलेला असतो, ती गाडीत ज्या कोनात बसवलेली असते त्याच कोनात स्टँडवर बसली पाहिजे. जरा तिरकी बसली तरी पट्टा बाहेर येत नाही. आत एक गोळी असते. गाडी कलंडली किंवा जोरात थांबली की ती गोळी जागेवरून सरकते आणि चकतीच्या दातांत खुंटी अडकते. चकती तिरकी बसवली तर त्या गोळीला वाटतं गाडीच कलंडली. वेल्डरला हे पटेना. चकती हातात धरून तिरकी-सरळ करून दाखवली तेव्हा तोच खेळत बसला.

शाळेत स्टँड ठेवला तेव्हा मॅडमनी भाषण केलं नाही. दोन-दोन मुलांना बसवलं आणि म्हणाल्या, लावा. पहिल्या पोट्ट्यानं पट्टा धरून जोरात खेचला. अडकला. अजून जोरात खेचला. अजून घट्ट. “काका, खराब आहे हा!” मी म्हटलं, खराब नाही, तुला धरून ठेवायची त्याची हीच रीत आहे. सोड, आणि आता सावकाश ओढ. आला. मग काय, सगळ्या वर्गाला तेच करायचं होतं: खेचायचा, अडकला की ओरडायचं, सोडायचा, सावकाश ओढायचा. अर्धा तास यातच गेला. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. मी म्हटलं, जाऊ द्या, हाच धडा आहे. धडक झाल्यावर पट्टा काय करतो हे त्या पोरांच्या हातांना कळलं होतं. फलकावर ते लिहिता येत नाही.

आम्ही वर्गात जे शिकवतो ते थोडकंच. पाठ पूर्ण टेकवून बस. पट्टा सावकाश ओढ. ‘टक्’ ऐकू येईपर्यंत दाब. मग पट्ट्यावरून बोट फिरव, कुठे पीळ पडला असेल तर काढ. खालचा पट्टा पोटावर नको, जांघेच्या वर, कंबरेच्या हाडावर हवा. वरचा खांद्याच्या मधोमध हवा. तो मानेला घासला तर मुलं काखेखालून घेतात किंवा पाठीमागे टाकतात, आणि घात तिथेच होतो. काखेखालून गेलेला पट्टा धडकेत बरगड्यांवर सगळा जोर काढतो, पोटावर आलेला आतड्यांवर. मोठी माणसंही हेच करतात. विशेषतः साडी नेसलेल्या बायका, पदर चुरगळतो म्हणून.

एक बारकावा. सीटच्या उजव्या बाजूला बसून शिकलेलं मूल डाव्या बाजूला बसवलं की अडखळतं, कारण हात उलटे होतात. पट्टा दुसऱ्या खांद्यावरून येतो, बकल दुसऱ्या मांडीशी असतं. म्हणून दोन्हीकडे बसवून करून घ्यावं लागतं. आणि उघडणं. लाल बटण दाबायला पहिलीतल्या मुलाच्या एका अंगठ्यात जोर नसतो, दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून दाबायला शिकवलं की जमतं. पण बकलात फरसाणाचे कण, बिस्किटाचा चुरा आणि धूळ जाऊन बसलेली असते, तेव्हा बटण मोठ्यांनाही जड जातं. कव्हरासाठी गाडी आली की बकल मी ब्रशनं साफ करून देतो. आतून काय काय निघतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उघडणं शिकवण्याला माझ्या लेखी लावण्याइतकंच महत्त्व आहे, कारण बेल्ट न लावण्याचं जे कारण मला दुकानात हमखास ऐकायला मिळतं ते हे: “गाडीनं पेट घेतला तर पोरगं अडकून पडते.” भीती खरी आहे, बापाची आहे, तिच्यावर हसू नये. पण शुद्धीवर असलेलं मूल बटण दाबून बाहेर येऊ शकतं. पुढच्या सीटवर डोकं आपटून बेशुद्ध पडलेल्या मुलाला कोणतंच दार उपयोगाचं नाही. सरावात मुलांना डोळे मिटून बकल उघडायला लावलं. त्यांच्यासाठी तो खेळच होता.

वर्गात प्रश्न भरपूर आले. एकीनं विचारलं, हा कोणी बनवला? मला माहीत होतं म्हणून सांगितलं: स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतले निल्स बोलिन नावाचे इंजिनिअर, साल १९५९. त्याआधी ते विमानातल्या पायलटला सीटसकट बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करायचे. आणि कंपनीनं त्या तीन टोकांच्या पट्ट्याचं पेटंट स्वतःपुरतं ठेवलं नाही, इतरांनाही वापरू दिलं. यातलं मुलांना फक्त खुर्ची बाहेर फेकली जाते एवढंच लक्षात राहिलं. असो.

दुसऱ्या एका पोरानं विचारलं, “माझे बाबा लावतच नाही, मी काय करू?” या प्रश्नावर मला थोडं थांबायचं आहे. अभियानांत हल्ली एक टूम निघाली आहे: मुलांनी पालकांना शिस्त लावायची, आईबाबांकडून संकल्पपत्र भरून आणायचं, बेल्ट नाही लावला तर मुलानं गाडीतच बसायचं नाही. टाळ्या मिळतात, फोटो छान येतो. पण सहा-सात वर्षांच्या लेकरानं बापाला काय अडवायचं? ज्या घरात बाप चिडका आहे तिथे त्या पोराला धपाटा बसतो. कायद्यानं जबाबदारी कुणाची आहे? मोटर वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९४-ब कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर एक हजार रुपये दंड गाडी चालवणाऱ्याला. दंड मुलाला नाही. मॅडमनी त्या पोराला उत्तर दिलं ते मला पटलं: “बाबांना काही म्हणू नको. तू तुझा लाव.”

आणि बाबांचं काय, तर पालकसभा असते की. तिथे भाषण नको. सभेला आलेल्या पालकांच्या ज्या गाड्या शाळेसमोर लागल्या असतील त्यांच्या मागच्या सीटवर एकेकानं हात घालून बघावा, बकल सापडतं का.

या सगळ्यावर एक आक्षेप मॅडमच्या सहकाऱ्यांनीच घेतला: आपल्या शाळेतल्या मुलांकडे कुठे कार आहेत? येतात ती दुचाकीवर, ऑटोत नाहीतर पायी. आक्षेप खरा आहे. दुचाकीचं तर वेगळं पत्र होईल. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानं आहे. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर अंगात घालायचा सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. सकाळी शाळेच्या फाटकासमोर किती लोक तो पाळतात ते कुणीही उभं राहून बघावं.

पण ज्यांच्या घरी कार नाही ती मुलं कारमध्ये बसतच नाहीत असं थोडंच आहे? लग्नसराईत बघा. वऱ्हाड निघतं ते भाड्याच्या गाडीतून, सात जणांच्या गाडीत अकरा. लेकरं मांडीवर, गिअरजवळ, डिकीत आडव्या सीटवर. आजारी आजीला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यायला रात्री टॅक्सी येते. उन्हाळ्यात मामाच्या गावाला जाताना कुणाची तरी गाडी मिळते. वर्षातून चार वेळा कारमध्ये बसणाऱ्या मुलाला बेल्ट रोज बघायला मिळत नाही, म्हणून त्यालाच तो शाळेत शिकवायला हवा. ज्याच्या घरी दोन गाड्या आहेत त्याला शिकवायला निदान घरी कुणीतरी असतं.

आणि आता समृद्धी महामार्ग. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि शिवमडक्याहून गाडी लागली की ताशी १२० ची परवानगी. शिर्डीला जाणारी कुटुंबं प्रवासाआधी माझ्याकडे येतात. काय मागतात? मागच्या सीटवर अंथरायची हवेची गादी. पाय ठेवायच्या जागेत फुगे भरतात, वर सपाट पलंग होतो, पोरं मस्त आडवी झोपतात. ती मी ठेवत नाही. ती मागणारे आईबाप काही निष्काळजी नसतात. मुलांना त्रास होऊ नये म्हणूनच मागतात. पुतण्या सायन्सला आहे, त्याच्याकडून एकदा हिशेब करून घेतला. ताशी ५० नं चाललेली गाडी एकाएकी थांबली तर आत सुटं असलेलं मूल ज्या वेगानं पुढे आदळतं, तो वेग साधारण दहा मीटरवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून पडल्यावर येतो तितका. दहा किलोचं बाळ आईनं मांडीवर धरलं असेल आणि गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आईच्या हातांवर १४० किलोच्या आसपास ओढ येते. कोणती आई धरू शकेल? ताशी १२० चा हिशेब मांडला तर गच्चीची उंची ५६ मीटर निघाली. मी म्हटलं, राहू दे.

धंद्यातली अजून एक मागणी. मूल लहान, पट्टा मानेला लागतो, म्हणून आईबाप म्हणतात: “भाऊ, जाड गादी शिवून द्या ना, उंच बसन पोरगं.” ही मी शिवत नाही, आणि नागपुरातल्या माझ्या सगळ्या व्यवसायबंधूंना हात जोडून सांगतो, तुम्हीही शिवू नका. आमचा फोम बसायला मऊ असतो तो दबतो म्हणून. धडकेत तो असा दबतो की मूल पट्ट्याखालून पुढे सरकतं आणि खालचा पट्टा कंबर सोडून पोटावर चढतो. त्यासाठी कडक बैठकीची बूस्टर सीट मिळते. तिला पट्टा जागेवर धरून ठेवणारे खाचे असतात. साधारण १३५ ते १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलाला ती हवी. दुसरी-तिसरीतली बहुतेक मुलं त्यापेक्षा बुटकी असतात. घरच्या घरी बघायचं तर: पाठ टेकवून बसल्यावर मुलाचे गुडघे सीटच्या काठावर वाकतात का? वाकत नसतील तर नुसता गाडीचा बेल्ट त्याला बरोबर बसणार नाही. त्याहून लहानांना स्वतःचे पट्टे असलेली चाइल्ड सीट, आणि तान्ह्यांची सीट मागे तोंड करून. ती पुढे, चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही. बूस्टर सीटला पैसे पडतात, मान्य. पण म्युझिक सिस्टीम आणि निळ्या लाइटला त्याहून जास्त पडतात, आणि तेही मीच बसवून देतो, म्हणून सांगतो. ज्यांना खरंच परवडत नाही त्यांनीही मूल मागे बसवून बेल्ट लावावा. पट्टा मानेशी येत असेल तर मुलाला थोडं बकलाच्या बाजूला सरकवून बसवा, पण पाठीमागे टाकू नका.

शाळेच्या व्हॅनबद्दल थोडक्यात. व्हॅनवाले काका येतात आणि दोन सीटच्या मधे रेक्झिनचा पाट करून मागतात, म्हणजे अजून चार मुलं बसतात. त्यांचा पेट्रोलचा खर्च मला कळतो, पालक महिन्याला शंभर रुपये वाढवायला तयार नसतात हेही कळतं. पण त्या पाटाला ना पाठ, ना पट्टा, आणि त्यावरचं मूल समोरच्या मुलाच्या तोंडावर जाऊन आदळणार. हे काम मी घेत नाही. दुसरा कुणीतरी करून देतोच.

मोठ्यांच्या करामती तर विचारू नका. व्हेरायटी चौक जवळ आला की पट्टा खांद्यावर येतो, सिग्नल सुटला की उतरतो. बेल्ट न लावल्यावर गाडी पी-पी करते ते बंद करायला बकलात घालायची नुसती क्लिप मिळायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांना ती काढून टाकायला लावली. तरी गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर येऊन विचारतंच. ती क्लिप गाडीत दिसली की मागे बसलेलं पोरगं काय शिकत असेल हे वेगळं सांगायला नको.

आपल्या उन्हाचंही नाव या विषयात घ्यावंच लागतं. पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकांत ते नसतं. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या असलेल्या नागपूरच्या गाडीत बकलाच्या पत्र्याचा असा चटका बसतो की पोरगं हात मागे घेतं आणि पुढे महिनाभर बकलाला शिवत नाही. मोठ्यांनी आधी बोट लावून बघावं. उतरताना बकलांवर पांढरा पंचा टाकून जावं. बकलाला घालायची कापडी टोपी मी शिवून देतो, काही फार लागत नाही तिला. फक्त लाल बटण उघडं राहिलं पाहिजे.

आता मागणं काय आहे ते सांगतो. जानेवारीची शपथ चालू द्या. पण विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्या पहिल्या आठवड्यात पहिली ते चौथीच्या प्रत्येक वर्गाला एक तास द्या आणि त्या तासाला खरी सीट वर्गात आणा. प्रत्येक शाळेला स्टँड लागत नाही. केंद्रप्रमुखांच्या अखत्यारीतल्या शाळांना मिळून एक पुरतो, तो फिरत राहील. महापालिकेचा आणि जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग मनावर घेईल तर एका भंगार सीटच्या आणि थोड्या लोखंडाच्या पैशांत हे होतं. त्यासाठी निविदा काढायची वेळ येऊ नये अशी प्रार्थना. धरमपेठेतल्या चिल्ड्रन ट्रॅफिक पार्कात मुलं सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंग शिकायला जातातच, तिथेही झाडाखाली एक ठेवता येईल. आणि आरटीओनं आम्हा कव्हरवाल्यांना एक कागद पाठवावा: काज नसलेलं कव्हर मागच्या सीटवर चढवायचं नाही. साहेबाचा शिक्का असलेला तो कागद दुकानात टांगला की गिऱ्हाईकाशी वाद घालायची माझी पाळी येणार नाही.

स्टँड करू इच्छिणाऱ्या शाळांनी भंगारात जाताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. अपघातात सापडलेल्या गाडीचे बेल्ट घेऊ नयेत. ते एकदा ताण खाऊन बसलेले असतात, बऱ्याचदा पट्टा जाम झालेला असतो. आणि पुढच्या सीटचे बेल्ट तर मुळीच घेऊ नयेत. आजकालच्या गाड्यांत त्यांच्या चकतीला धडकेच्या क्षणी पट्टा मागे खेचणारी छोटी स्फोटक नळी असते, ती मुलांच्या वर्गात नको. साध्या गाडीचे मागचे बेल्ट घ्या आणि त्यातही अशी नळी नाही ना, हे मेकॅनिकला दाखवून घ्या. चौकटीची मापं आणि चकती कोणत्या कोनात बसवायची त्याचं चित्र मी कागदावर काढून ठेवलं आहे. कुणाही शिक्षकानं दुकानात येऊन न्यावं, पैसे नाहीत. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.

आपला,
एक कुशनकाम करणारा वाचक,
मानेवाडा रोड, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)